फेकायची खूण, फडकवायची खूण

पोस्टर म्हणजे भिंतीवरचं भाषण. भाषणात एखादं वाक्य वाकडं गेलं तर पुढच्या वाक्यात सावरता येतं. पोस्टरला दुसरं वाक्य नसतं. रस्त्यानं जाणारा माणूस एकदा बघतो, पुढं चालू लागतो, आणि जे दिसलं ते डोक्यात घेऊन जातो. म्हणून पोस्टरवर बाई काढायची असेल तर हातात ब्रश घेण्याआधी विचारलं पाहिजे, की ही बाई कुठून आली? कुणाच्या डोक्यातून आली? तिच्या अंगावरच्या खुणा तिनं घातल्या, की तिला घातल्या?

मी तुडीलची. महाडच्या खाडीपट्ट्यातली. २५ डिसेंबरच्या आधी आमच्याकडची पोरं-पोरी जुन्या वर्तमानपत्रांवर कावेनं आणि निळीनं पोस्टरं रंगवतात, मीही रंगवते. पोरं उत्साही आहेत. पण बाई काढायला सांगितली की चारच चित्रं पुढं येतात : साखळदंड तोडणारी, आठ हातांची, पोर कडेवर घेतलेली, नाहीतर डोक्यावर पदर घेऊन खाली बघणारी. ही चारही चित्रं आपण काढलेली नाहीत, ती आपल्याला मिळालेली आहेत. ती कुठनं मिळाली याचा इतिहास मी इथं मांडते आहे. कारण आपण इतिहास म्हणून फक्त तारखा पाठ करतो. चित्रांचाही इतिहास असतो, आणि तो महाडात फार जवळ आहे.

१९२७ च्या डिसेंबरातली ती परिषद आठवा. सवर्ण हिंदूंनी जागा दिली नाही, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. तिथं मांडव पडला. मांडवात तसबीर एकच होती, ती गांधींची. हे वाचून आजच्या पोरांना धक्का बसतो. बसू द्या. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर टांगायचं हे काळ ठरवतो, आणि चळवळ काळाबरोबर चित्र बदलते, एवढंच त्यातून घ्यायचं. पण खरी रचना मांडवासमोर होती. सहा जणांनी दोन दिवस खपून एक वेदी तयार केली होती. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, सहा इंच खोल असा खड्डा. त्यात चंदनाचे तुकडे. चार कोपऱ्यांना चार खांब आणि तीन बाजूंना फलक. एक सांगत होता की ही मनुस्मृतीची दहनभूमी आहे, दुसरा अस्पृश्यता नष्ट करा म्हणत होता, तिसरा ब्राह्मण्याला मूठमाती द्यायला सांगत होता. २५ तारखेला रात्री नऊच्या सुमारास बापूसाहेब सहस्रबुद्धे आणि अस्पृश्य साधूंच्या हातून त्या खड्ड्यात पुस्तक जळालं.

आता हे पोस्टर करणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा. वेदी त्यांचीच, चंदन त्यांचंच, अग्नी त्यांचाच. यज्ञाची सगळी चिन्हं जशीच्या तशी उचलली आणि आहुती मात्र त्यांच्याच ग्रंथाची दिली. चिन्ह उलटं करणं म्हणतात ते हे. आणि ज्या ग्रंथानं शूद्राला आणि बाईला एकाच दावणीला बांधलं, बाईला बापाच्या, नवऱ्याच्या, पोराच्या ताब्यात ठेवायला सांगितलं, तो ग्रंथ जाळला म्हणजे जातीबरोबर बाईच्या गुलामीलाही काडी लावली. आपल्याकडं स्त्रीमुक्तीचं पहिलं पोस्टर छापखान्यात निघालं नाही. ते महाडात दीड फुटाच्या खड्ड्याभोवती उभं राहिलं.

पण त्याच परिषदेत दुसरी एक गोष्ट घडली, ती उलट्या दिशेची. परिषद आटोपताना बाबासाहेब जमलेल्या बायांशी बोलले. तुमची लुगडं नेसायची पद्धत आणि गळ्यातले, कोपरापर्यंत हातभर भरलेले कथलाचे, चांदीचे दागिने ही तुम्ही अस्पृश्य असल्याची ओळख आहे, ती पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. मुलींना शिकवा म्हणाले. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका म्हणाले. बायांनी भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या आणि घरी गेल्या असं झालं नाही. तिथल्या तिथं लुगडी घोट्यापर्यंत आली. चळवळीतल्या कायस्थ मित्रांच्या घरांतल्या बायांनी नेसायला मदत केली.

ही घटना आपण भाषणांत सांगतो, पण तिचा अर्थ नीट उकलत नाही. जात पुरुषाच्या अंगावर लिहिली होती, पण बाईच्या अंगावर जास्त ठळक लिहिली होती. लुगडं गुडघ्यावर की घोट्यावर, दागिना सोन्याचा की कथलाचा, हे सगळं रस्त्यावरून वाचता यायचं. बाई हेच व्यवस्थेचं चालतं-बोलतं पोस्टर होतं. तिच्याकडं बघून वाटेवरच्याला कळायचं, की हिला कुठं उभं करायचं, हिच्याशी किती दाबून बोलायचं, आणि हिच्या अंगाला कुणी हात लावला तर कुणी विचारणार नाही. लिंग आणि जात एकाच कापडावर विणलेली असतात, हे पुढं विद्यापीठात शिकवलं जाऊ लागलं. महाडच्या बायांनी ते कापडच बदललं.

म्हणजे तीन दिवसांत दोन वाटा दिसल्या. यज्ञाची खूण उलटी केली, लुगड्याची खूण फेकून दिली. या दोन वाटा लक्षात ठेवा, पुढं त्यांच्याशीच काम आहे.

त्याच १९२७ सालच्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं होतं. विषय होता कामजीवन, संततिनियमन, गुप्तरोग, बाईचा सुखाचा हक्क. त्याच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं : शरीर घाणेरडं नाही, ते झाकायला लावणारं मन घाणेरडं आहे. पुणेरी सोवळं त्यावर तुटून पडलं. १९३१ साली एकदा शिक्षा झाली. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून पुन्हा खटला झाला. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचेही होते. तेव्हा उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील झालं असं नाही, लोक विचारत असतील तर त्यांना ज्ञान दिलं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचा आधार त्यांनी दिला. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण १९३४ साली हिंदुस्थानात किती पुढारी अशा खटल्यात उभे राहिले असते? पुढं १९३८ साली संततिनियमनाचा ठरावही बाबासाहेबांच्याच पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात आला आणि पडला.

हे मी मुद्दाम सांगते. आपल्यातली काही माणसं म्हणतात, ‘लैंगिकता वगैरे शहरी थेरं, आपला प्रश्न भाकरीचा.’ त्यांनी हा खटला आधी वाचावा.

एक गोष्ट मात्र कर्व्यांच्या मुखपृष्ठाबद्दल बोलली पाहिजे. सवर्ण घरातल्या झाकलेल्या बाईसाठी उघडं शरीर हे बंड असेल. पण जिचं शरीर कायमच उघडं पाडलं गेलं, शेतात, वाड्यावर, पाणवठ्यावर, तिच्यासाठी घोट्यापर्यंत आलेलं लुगडं हे बंड होतं. एकाच वर्षी, एकाच प्रांतात, एका चित्रात बाई कपडे उतरवून मुक्त होते आणि दुसऱ्या चित्रात कपडे वाढवून मुक्त होते. दोन्ही खरी आहेत. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, ते कुणाच्या अंगावर आहे त्यात असतो. पोस्टर करणाऱ्यानं हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

स्वातंत्र्यानंतर बाईच्या शरीराबद्दल सर्वांत जास्त पोस्टरं काढली ती सरकारनं. १९६० च्या दशकाच्या अखेरीला लाल त्रिकोण आला. टोक खाली असलेला त्रिकोण, शेजारी चार हसरे चेहरे : आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एस.टी.च्या मागं, काडेपेटीवर. अडाणी माणसालाही कळावं म्हणून अक्षर कमी आणि आकार मोठा. पोस्टरकला म्हणून हे काम पक्कं होतं, त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. पण त्या चौकटीत कोण बसत होतं? लग्न झालेलं, मुलगा झालेलं, हसतमुख कुटुंब. ज्या बाईला फक्त मुली झाल्या ती त्यात नाही. टाकलेली नाही, विधवा नाही, मुरळी नाही, लग्नच न करणारी नाही. आणि आणीबाणीत हा हसरा त्रिकोण दात काढून अंगावर आला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि सक्तीचा मार सगळ्यात आधी गरिबावर, दलितावर, मुसलमानावर पडला. सुंदर पोस्टराच्या मागं कुठला हात आहे हे बघायला तेव्हा लोक शिकले.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याचं चिन्ह जगभर गेलं : कबुतर, त्याच्या पोटात बाईचं चिन्ह आणि बरोबरीची खूण. त्याच्या थोडं आधी अमेरिकेत बाईच्या त्याच चिन्हात, म्हणजे वर्तुळ आणि खाली फुली, वळलेली मूठ बसवली गेली होती. कबुतर सरकारी झालं, मूठ चळवळीची झाली. आपल्याकडं या मुठीला रक्त मिळालं ते मथुरेच्या प्रकरणात. गडचिरोलीकडची आदिवासी पोर, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. कारणांतलं एक कारण असं, की तिच्या अंगावर झटापटीच्या जखमा नव्हत्या. म्हणजे न्यायालयानंही बाईचं अंग वाचलं, तिचं बोलणं ऐकलं नाही. १९७९ च्या सप्टेंबरात चार कायदेपंडितांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, ८ मार्च १९८० ला गावोगाव मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, १९८३ साली कायदा बदलला. त्याच १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेनं रंगमंचावर आणलं, आणि ते खेड्यापाड्यांत गेलं.

त्या दशकात पोस्टरांचं पीक आलं. दिल्लीच्या झुबान प्रकाशनानं २००६ सालापासून असली पोस्टरं देशभरातून गोळा केली, ती शेकड्यांनी आहेत. बघताना एक चित्र पुन्हा पुन्हा भेटतं : अनेक हातांची बाई. एका हातात लाटणं, एकात पोर, एकात विळा, एकात लेखणी, एकात झाडू. कल्पना अशी, की बघा, बाई किती कामं करते, हीच खरी शक्ती. १९८४ साली देशातलं पहिलं स्त्रीवादी प्रकाशनगृह निघालं, त्याचंही नाव कालीवरून ठेवलं गेलं.

इथं आपण थांबून प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो विचारणारे आपण एकटे नाही. फ्लेविया अॅग्नेस यांनी १९९४ साली लिहून दाखवलं, की स्त्री चळवळीनं हिंदू देवींची चिन्हं सहज म्हणून घेतली आणि त्यात मुसलमान, ख्रिस्ती बाया परक्या झाल्या. दंगलींच्या काळात तीच शक्ती, तीच दुर्गा दुसऱ्याच झेंड्यावर चढली. मग आमच्या बौद्धवाडीतल्या बाईचं काय? २२ प्रतिज्ञा घेतलेल्या बाईला तुम्ही पोस्टरवर पुन्हा देवी करता? आणि तिच्या आठ हातांतल्या त्या झाडूकडं बघा. सवर्ण बाईच्या हातात झाडू म्हणजे घरकामाचं ओझं, कधी हत्यारही. आमच्या बाईच्या हातात झाडू म्हणजे पेशवाईत कमरेला बांधलेल्या खराट्याची सख्खी बहीण. नगरपालिकेत पहाटे रस्ता झाडणारी बाई कुठल्या जातीची असते हे सांगायला नको. दोन झाडू, दोन इतिहास. ‘सगळ्या बाया सारख्या’ म्हणणारं पोस्टर हा फरक पुसून टाकतं. १९९८ साली शर्मिला रेगे यांनी दलित बाया वेगळं बोलतात हे ठामपणे मांडलं, ते याच अर्थानं.

आता आपल्या घरात बघू. तिथं कमी बघितलं जातं.

१९७२ साली दलित पँथर आली. झेप घेणारा पँथर हे चिन्ह अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून आलं. ज्याला जनावर म्हणून हिणवलं त्यानं जनावराचीच झेप घेतली, चिन्ह उलटं केलं, उत्तम केलं. ‘दलित’ शब्दाचंही तसंच. पण झेप घेणारा पँथर नर होता. त्या काळच्या पोस्टरांत, मुखपृष्ठांत, कवितांत बाई दोनच जागी दिसते : राबून मेलेली माय, नाहीतर बाजारात बसलेली. दोन्ही ठिकाणी ती पुरुषाच्या दुःखाचं, संतापाचं चिन्ह आहे. स्वतः कार्यकर्ती, बोलणारी, भांडणारी, प्रेम करणारी, नको म्हणणारी बाई त्यात कुठं आहे? १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बाया नावानिशी उभ्या केल्या. १९९६ साली चंद्रपूरच्या दलित महिला परिषदेत २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन मानावा असं पुढं आलं. म्हणजे महाड आपल्याला परत मिळालं. पण आमच्या कॅलेंडरांत रमाई अजून अर्धं पाऊल मागंच उभी आहे, डोक्यावर पदर, नजर खाली. ती गौऱ्या थापून घर चालवणारी बाई होती. तिची नजर खाली का?

आणि आता अवघड गोष्ट.

नाझी छळछावण्यांत कैद्यांना कापडी बिल्ले शिवायचे. समलिंगी पुरुषांना गुलाबी त्रिकोण, टोक खाली. युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण जर्मनीत त्यांच्याविरुद्धचा कायदा उठला नाही. १९७० च्या दशकात त्या लोकांनी तोच त्रिकोण स्वतः छातीवर लावला. १९८७ साली न्यूयॉर्कच्या भिंतींवर एक पोस्टर लागलं. एड्सनं माणसं मरत होती, सरकार गप्प होतं. काळ्या कागदावर गुलाबी त्रिकोण, पण टोक वर फिरवलेलं, आणि खाली लिहिलेलं, की मौन म्हणजे मरण. आपल्याकडं त्याच सुमारास एड्सच्या पोस्टरांवर कवट्या होत्या आणि दारात उभी राहिलेली रंगवलेली बाई होती. रोग पसरवणारी तीच. गिऱ्हाईक चित्रात नव्हतं.

त्या बायांनी काय केलं? १६ जून १९३६ ला बाबासाहेब परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या-जोगतिणींना म्हणाले होते, हा धंदा सोडा, तरच माणूस म्हणून आमच्यात या. ती फेकायची वाट होती. साठ वर्षांनी, १९९६ साली, सांगलीत वेश्या व्यवसायातल्या बायांनी स्वतःची संघटना बांधली, ‘व्हॅम्प’. त्यात देवदासी होत्या, दलित होत्या. त्या म्हणाल्या, आम्हाला वाचवू नका, आमचा हक्क द्या. आणि इंग्रजीत वाईट बाईला जो शब्द वापरतात तोच नाव म्हणून लावला. ती उलटं करायची वाट. बाबासाहेबांचं बोलणं एका बाजूला आणि या बायांचं बोलणं दुसऱ्या बाजूला, अशी आपली ओढाताण होते. व्हायलाच पाहिजे. जात कुणाला या धंद्यात ढकलते हा बाबासाहेबांचा प्रश्न आजही जिवंत आहे. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईच्या तोंडाला काळं फासणारं पोस्टर नाही.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांचा हक्क मानला. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधला समलिंगींना गुन्हेगार ठरवणारा भाग गेला. दोन्ही निकाल उभे राहिले ते बाबासाहेबांच्या संविधानाच्या कलमांवर. आपल्यात दिशा पिंकी शेख आहेत, तृतीयपंथी कवयित्री. त्यांच्या संग्रहाचं नावच ‘कुरूप’. म्हणजे लोकांनी मारलेला शब्द उचलून स्वतःच पुस्तकावर छापला. मोर्चांत सप्तरंगी झेंड्याशेजारी निळा झेंडा धरणारी पोरं आता दिसतात. तरी मागं एका वाडीत (नाव घेत नाही) आम्ही दोन बाया हातात हात घेऊन उभ्या आहेत असं चित्र भिंतीवर काढलं, शेजारी संविधानाचं पुस्तक, वर फक्त ‘समता’. सकाळी त्यावर चुना मारलेला. मारणारे परके नव्हते, आपल्याच मंडळातले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘बाबासाहेबांच्या शेजारी हे नको.’ मी त्यांना १९३४ चा खटला सांगितला. काही ऐकून घेतात, काही उठून जातात.

मित्रांनो, बायांनो, म्हणून ब्रश धरण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली : ही खूण कुणी कुणाच्या अंगावर घातली? दुसरी : ती फेकायची की फिरवून फडकवायची, हे जिच्या अंगावर आहे तिला विचारलं का? महाडात बाबासाहेबांनी सांगितलं खरं, पण लुगडं बायांनी स्वतः सोडलं आणि स्वतः नेसलं. कुणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. हाच फरक आहे सुधारणा आणि जबरदस्तीत. तिसरी : हे पोस्टर बघून वाडीतली सर्वांत गप्प बाई, किंवा सर्वांत गप्प पोरगा, मान वर करील की खाली घालील?

बाकी कारागिरी सोपी आहे. आकार मोठा ठेवा, अक्षर थोडं. कोकणचा पाऊस कागद ठेवत नाही, पावसाळ्यात खळीनं चिकटवलेलं चार दिवसांत गळतं, म्हणून जे टिकवायचं ते भिंतीवर रंगवा. नीळ आणि काव दोन रंग पुरे. देवी नको. साखळदंड बरेच तोडून झाले, आता तोडणाऱ्या बाईचा चेहरा काढा. रमाईला एक पाऊल पुढं घ्या आणि तिची नजर समोर ठेवा. हिजडा म्हणून हिणवलेल्या माणसाला मोर्चात कडेला न काढता ओळीत मधे काढा. आणि चुना मारला तर तीच भिंत पुन्हा रंगवा. चुन्याच्या पांढऱ्यावर निळा रंग उठून दिसतो.